कुस्ती खरी होती का?

(महिला दिनानिमित्त कल्याण येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषण. वाचनाच्या सोयीसाठी थोडं संपादन केलं आहे.)

आज मला तुमच्याशी एका पैलवान बाईविषयी बोलायचं आहे. तिचं नाव हमीदा बानू. कल्याणला बोलायला या, असं निमंत्रण आलं तेव्हाच विषय पक्का केला, कारण आयुष्याची शेवटची अनेक वर्षं या बाईनं याच गावात काढली. ती इथं दूध विकायची. १९८६ साली ती वारली. एके काळी तिची कुस्ती बघायला वीस हजार माणसं जमली होती, हे तिच्याकडून दूध घेणाऱ्या किती बायकांना ठाऊक असेल कोण जाणे.

४ मे २०२४ रोजी गूगलनं आपल्या पहिल्या पानावर तिचं चित्र लावलं. त्यानंतर वर्तमानपत्रांत तिच्यावर लेख आले, ‘भारताची पहिली महिला पैलवान’ म्हणून कौतुक झालं. कौतुक व्हावंच. पण मला तिच्या कारकिर्दीतल्या वादांविषयी बोलायचं आहे, कारण त्या वादांमध्ये आपल्या सगळ्यांच्या कामाचं काहीतरी आहे.

आधी थोडी ओळख. हमीदाचा जन्म १९२० च्या सुमाराचा, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा. कुस्ती शिकायला ती अलीगढला सलाम पैलवानाकडे गेली. त्या काळी कुस्तीचं हे जग पूर्णपणे पुरुषांचं. माझं स्वतःचं लहानपण कोल्हापुरात एका तालमीच्या गल्लीत गेलं. भाऊ पहाटे लंगोट घेऊन तालमीत जायचा, आणि आम्ही मुली त्या दारावरून जाताना मान वर करायची नाही, अशी ताकीद होती. आत मारुतीची मूर्ती, हौद्याची लाल माती, आणि बाईची सावली चालायची नाही. हे माझ्या लहानपणचं. त्याच्याही आधी एक मुलगी घर सोडून दुसऱ्या गावी जाते, वस्ताद करते आणि पुरुषांशी कुस्ती धरते, याची कल्पना करून बघा.

तिची उंची होती पाच फूट तीन इंच आणि वजन १०८ किलो. हे आकडे मला कसे ठाऊक? वर्तमानपत्रांनी ते पुन्हा पुन्हा छापले म्हणून. तिचा खुराकही छापला. रोजचं साडेपाच लिटरहून जास्त दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, सहा अंडी, जवळजवळ अर्धा किलो लोणी, किलोभर बदाम, दोन थाळ्या बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. तिला ‘अलीगढची अॅमेझॉन’ म्हणायचे. अॅमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या बायका. ती डाव कोणता टाकायची, कोणत्या पकडीत तिचा हात बसला होता, बचाव कसा करायची, हे मात्र आज शोधू गेलं तर फारसं हाती लागत नाही.

मला या खुराकाच्या यादीचं वेगळंच वाटतं. आमच्या घरी म्हैस होती. भाऊ तालमीत जातो म्हणून धारोष्ण दूध त्याला, आणि आम्हा बहिणींना चहात घालण्यापुरतं. कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटायचं नाही. पुरुष पैलवान पाच लिटर दूध प्यायला तर तो त्याचा खुराक. बाईनं प्यायलं की ते बातमीच्या मथळ्यात जातं. सर्वांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बायकांच्या देशात एक बाई स्वतःच्या कामासाठी पोटभर खात होती, नऊ तास झोपत होती. लोकांना तिच्या ताकदीइतकंच याचंही नवल वाटलं असावं.

आता वादांकडे येते.

पहिला वाद मुंबईचा, १९४४ सालचा. गूंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली होती. वीस हजार प्रेक्षक जमले. आणि ऐनवेळी कुस्ती झाली नाही. ‘बॉम्बे क्रॉनिकल’नं तेव्हा दिलेल्या बातमीप्रमाणे, गूंगा पैलवानानं भलत्याच मागण्या पुढे केल्या, जास्त पैसे मागितले, तयारीला जास्त वेळ मागितला. चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. लक्षात घ्या, हमीदा मैदानात यायला तयार होती. मागं हटला तो जोडीदार.

दुसरा प्रसंग वडोदऱ्याचा. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं जाहीर आव्हान दिलं, मला कुस्तीत हरवा, मी तुमच्याशी लग्न करीन. त्यानंतर पतियाळाच्या आणि कलकत्त्याच्या अशा दोन नामवंत पैलवानांना तिनं हरवलं. मे महिन्यात ती वडोदऱ्याला आली. गाड्यांवर फलक लावून कुस्तीची जाहिरात झाली होती. जोड ठरली होती छोटे गामाशी. त्याच्या पाठीशी वडोदऱ्याचे महाराज होते. छोटे गामानं शेवटच्या क्षणी माघार घेतली. कारण काय, तर बाईशी कुस्ती खेळणार नाही. मग बाबा पैलवान उतरला. ही कुस्ती एक मिनिट चौतीस सेकंदांत निकाली झाली. हमीदा जिंकली.

तिसरा वाद पुण्याचा. रामचंद्र साळुंके नावाच्या पैलवानाशी तिची कुस्ती लागली होती. तिथल्या कुस्ती संघटनेनं विरोध केला आणि ती रद्द झाली. आणखी एकदा तिनं पुरुष पैलवानाला हरवल्यावर कुस्तीशौकिनांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. तेव्हाच्या मुंबई राज्यात तिच्या कुस्त्यांना बंदीच झाली, तेव्हा तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर असं होतं की बंदी ती बाई आहे म्हणून घातलेली नाही. आयोजक तिच्यासमोर नकली प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, म्हणून घातली आहे.

म्हणजे आरोप असा की कुस्ती लुटुपुटूची आहे. आपण हा आरोप झटकून टाकू नये. धंद्याच्या कुस्तीत तिकिटं विकायची असतात. आयोजकाला पैसा दिसतो. निकाल आधीच ठरवून कुस्ती लावणं हे तेव्हा होतच नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. लग्नाचं आव्हान हीही तिकीट विकण्याचीच युक्ती होती. तीनशेहून जास्त कुस्त्या जिंकल्याचा तिचा दावा होता, त्यातली एकेक तपासायला आज साधन नाही. तिच्या सगळ्या कुस्त्या खऱ्याच होत्या, असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं निराळं आहे. तिच्यापुढे जे दोन रस्ते होते ते नीट बघा. जो नावाजलेला पैलवान आहे, तो म्हणणार, बाईशी लढणं माझ्या इभ्रतीला शोभत नाही. तो उतरणारच नाही. मग जो उतरेल तो बिननावाचा. त्याला तिनं पाडलं की लोक म्हणणार, हा कसला पैलवान, हा तर भाड्यानं आणलेला. म्हणजे मोठ्याशी लढायची सोय नाही, आणि लहानाला हरवलं तर ते खरं नाही. बाईला जिंकायला जागाच ठेवलेली नाही. आणि वर सरकार सांगणार, आम्ही बाई म्हणून काहीच केलेलं नाही. संशय आयोजकांवर, बंदी तिच्या पोटावर.

नोकरी करणाऱ्या बायका इथं आहेत. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. अवघड काम बाईला द्यायचं नाही, आणि मग बढतीच्या वेळी म्हणायचं की हिनं अवघड काम कधी केलेलंच नाही.

लग्नाच्या आव्हानाबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्यापैकी काहीजणींना ते खटकेल. मलाही खटकतं. बाईनं स्वतःलाच बक्षीस म्हणून लावायचं? पुरुष पैलवानाला कधी असं म्हणावं लागतं का? चांदीची गदा, पागोटं, रोख रक्कम हे त्यांचं बक्षीस. पण दुसरी बाजूही आहे. बाईशी कुस्ती धरायला पुरुष तयार होत नव्हते. ‘हिला वश करीन’ या आमिषानं का होईना, ते मैदानात उतरत होते, आणि पाठ टेकून परत जात होते. ज्या काळी मुलीचं लग्न बाप ठरवायचा, त्या काळी ही बाई सांगत होती की अट माझी राहील आणि ती मी चारचौघांत, मातीत घालीन. तिनं कुणालाही ती अट पुरी करू दिली नाही. या आव्हानात तिची चलाखी किती आणि तिची लाचारी किती, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही. आपण सगळ्याजणी अशाच मिळतील त्या अटींवर बाहेर पडलो आहोत.

१९५४ सालीच मुंबईत तिची कुस्ती व्हेरा चिस्टिलिनशी झाली. ‘रशियाची अस्वलीण’ म्हणून तिची जाहिरात होती. एक मिनिट व्हायच्या आत हमीदानं तिला पाडलं. त्यानंतर तिनं जाहीर केलं, आता मी युरोपात जाऊन तिथल्या पैलवानांशी लढणार.

आणि इथून पुढे हमीदा बानू कुस्तीच्या बातम्यांतून नाहीशी होते.

काय झालं? हे बाहेर यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. बीबीसीच्या पत्रकारानं तिच्या नातवाला आणि अलीगढच्या जुन्या शेजाऱ्यांना शोधून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. तिनं युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानानं तिला काठ्यांनी मारलं. नातू सांगतो, तिचे हात मोडले. शेजारी सांगतो, पायही मोडले होते, तिला उभं राहता येत नव्हतं, आणि पुढे कित्येक वर्षं काठीशिवाय नीट चालता आलं नाही. सलाम पैलवान म्हणजे तिचा वस्ताद. ते तिचे पती होते का, याविषयीही दोन जबान्या आहेत. त्यांची मुलगी हमीदाला सावत्र आई म्हणते. नातू म्हणतो, ती त्यांच्याबरोबर राहिली पण लग्न कधी केलं नाही. दोघांचा दुधाचा धंदा होता, मुंबईत आणि इथं कल्याणात. पुढे सलाम पैलवान अलीगढला परत गेले. हमीदा इथंच राहिली. दूध विकलं, कधी रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकले.

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा. १०८ किलोची बाई, पुरुषांना दीड मिनिटात चीत करणारी, तिनं मार का खाल्ला? तुमच्याही मनात आला असेल. आपल्या केंद्रावर मार खाऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला हाच प्रश्न विचारला जातो. तू उलटून का मारलं नाहीस, घर सोडून का गेली नाहीस. आपण वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत की घरातला मार हा अंगातल्या ताकदीचा प्रश्न नाही. पैसा कुणाच्या हातात आहे, कुस्त्या कोण ठरवतो, परक्या गावात आपलं कोण आहे, आपलं म्हणणं कोण खरं मानेल, यावर ते ठरतं. हमीदा बानूइतका याचा मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही. मैदानात जोड समोरून येते, पंच असतो, वेळ ठरलेली असते. घरात यातलं काहीच नसतं.

आणि म्हणून मला त्या वादांचा राग येतो. तिचे प्रतिस्पर्धी खरे की नकली, याच्या तक्रारी झाल्या. कुस्ती संघटना बसली, पोलीस आले, प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं. नुसत्या संशयावरून एवढी यंत्रणा हलली. पण एक नावाजलेली पैलवान युरोपला जाते म्हणाली आणि दिसेनाशी झाली, तेव्हा ती कुठं गेली हे विचारायला कुणी आलं नाही. तिचे हात मोडले, त्याची तक्रार नाही, खटला नाही. तिच्या विजयांवर इतक्यांनी शंका घेतली, पण तिच्या गायब होण्याची शंका कुणाला आली नाही.

त्याच काळात मुंबईत दारासिंग, किंगकाँग यांच्या तिकिटाच्या कुस्त्या गाजत होत्या. दारासिंग यांना पुढे चित्रपट मिळाले, २००३ मध्ये ते राज्यसभेवर गेले. त्यांच्या यशाबद्दल माझं काही म्हणणं नाही. धंदा एकच होता, प्रेक्षकही तेच होते. एकाला संसद मिळाली आणि एकीला दुधाचं कॅन.

कुणी म्हणेल, झाली ही जुनी गोष्ट. आता साक्षी मलिकनं २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. आपल्याकडे पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली, बायकांची पहिली स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडलं, पण झाली. सांगलीत झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, आणि अंतिम कुस्तीत तिच्यासमोर होती तुमच्या कल्याणची वैष्णवी पाटील. तालमींत मुली दिसतात. हा बदल खरा आहे आणि तो मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी कष्टानं मिळवला आहे.

पण त्याच २०२३ सालच्या जानेवारीत विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि इतर पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाच्या तक्रारी होत्या. त्यांनी त्या नाकारल्या. गुन्हा नोंदवून घ्यायलाच पैलवानांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तो नोंदला गेला २८ एप्रिलला. २८ मे रोजी पोलिसांनी या मुलींना रस्त्यावरून फरफटत नेलं, ते आपण सर्वांनी पाहिलं. मे २०२४ मध्ये न्यायालयानं पाच पैलवान महिलांच्या तक्रारींवर आरोप निश्चित केले. अल्पवयीन मुलीनं आपली तक्रार मागे घेतली होती, ते प्रकरण मे २०२५ मध्ये बंद झालं. डिसेंबर २०२३ मध्ये महासंघाची निवडणूक होऊन ब्रिजभूषण यांचे निकटवर्ती संजय सिंह अध्यक्ष झाले, त्या दिवशी साक्षी मलिकनं आपले बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली.

न्यायालयाचं काम न्यायालय करील. मला सांगायचं आहे ते आजूबाजूच्या बोलण्याविषयी. या मुलींना काय विचारलं गेलं आठवा. इतके दिवस गप्प का होतात? तुमच्यामागे कोणता पक्ष आहे? कुणी उभं केलंय तुम्हाला? म्हणजे पुन्हा तेच. समोर उभी आहे ती बाई खरी नाही, तिच्यामागे कुणी आयोजक आहे. आणि सरकारनंच नेमलेल्या देखरेख समितीच्या तपासणीत काय निघालं? कायद्याप्रमाणे असायला हवी तशी अंतर्गत तक्रार समितीच महासंघात नव्हती. कायदा २०१३ चा. दहा वर्षं झाली होती.

तेव्हा आज इथून जाताना दोन कामं घेऊन जाऊ या. तुमच्या मुली, नाती, पुतण्या ज्या तालमीत, क्लबात, अकादमीत खेळायला जातात, तिथं जाऊन विचारा की तक्रार समिती आहे का, तिच्यात बायका किती, बाहेरची सदस्य कोण, आणि तिचं नाव भिंतीवर लावलं आहे का. प्रशिक्षकाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. मुलीचं जेवण, प्रवास, पैसे, स्पर्धेला जायचं की नाही, हे सगळं एकाच माणसाच्या हातात असेल, तर तो माणूस कितीही सज्जन असला तरी ती व्यवस्था बरी नव्हे.

दुसरं काम खास कल्याणकरांसाठी. १९८६ म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. सत्तरी ओलांडलेल्या बायका तुमच्या घरात आहेत, शेजारी आहेत. त्यांना विचारा, हमीदा नावाची दूधवाली आठवते का? कशी बोलायची, कशी चालायची, कुस्तीचं कधी काही सांगायची का? जे आठवेल ते लिहून काढा आणि या पत्रिकेकडे पाठवा. तिच्या वजनाचे आणि खुराकाचे आकडे छापून झाले आहेत. ती स्वतः काय म्हणत होती, तेवढं कुणी अजून लिहिलेलं नाही.